हातभर उघडी वीट

ओळंबा जाऊन चार महिने झाले होते तेव्हा सिनेगॉगमधून फोन आला. फोन वहिनींना आला, म्हणजे त्याच्या बायकोला. वहिनींनी मला केला.

"भावजी, परवानगी आली."

"कसली?"

"भिंत फोडायची. सहा वर्षांनी. अर्ज करणारा गेल्यावर."

"कधी जायचं?"

"सोमवारी. त्या दिवशी बंद असतं ते. हत्यारं तुमची आणा. ह्यांची मी तेल लावून ठेवलीत, ती नाही देणार."

मी बरं म्हणालो. काही वाटलं नाही. त्या चार महिन्यांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याला पोचवून आलो त्या दिवशी घरी येऊन मी नळाचा वॉशर बदलला होता. बायको म्हणाली, आज राहू दे. मी म्हणालो, गळतोय.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायला लागतं. हा माणूस गिलाव्याचं काम करायचा आणि ओळंबा कायम त्याच्या खिशात असायचा, म्हणून नाव पडलं. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी दाराच्या चौकटीला ओळंबा लावणार, मग हात धुणार. यजमानाला सांगणार, "खालून दोन सूत बाहेर आहे." मग पोटभर जेवणार. यजमान मात्र जेवणभर दाराकडे बघत बसायचा. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नाकात नळी असताना त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. वाटलं, काहीतरी महत्त्वाचं सांगतोय. म्हणाला, "समोरची भिंत बघ. पोट सुटलंय तिचं." मी बघितलं. सुटलं होतं.

एकतीस वर्षं आम्ही जोडीनं काम केलं. तो चौदाव्या वर्षी चुना कालवायला लागला, मी अठराव्या. तो मला आगगाडी म्हणायचा. मी काम भराभर उरकायचो. त्याला एका भिंतीला तीन दिवस लागायचे, मला दोन. लोकांना दोन्ही भिंती सारख्याच दिसायच्या. त्याला नाही. "तुझी भिंत लांबून बघायची असते लेका," म्हणायचा, "माझ्या भिंतीला गाल लावून बघ." मी एकदा खरंच गाल लावला. तो बरोबर होता.

त्याची एकच शिवी होती, अर्धवट. माणसाला, कामाला, चहाला, सरकारला, सगळ्यांना तीच.

सिनेगॉग हे आमचं शेवटचं मोठं काम. ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनास्थळ, दीडदोनशे वर्षांचं. त्यांची माणसं हळूहळू दुसरीकडे निघून गेली, मग दार बंद झालं, मग कुणीतरी तिथं कागदाच्या गठ्ठ्यांचं गोदाम केलं. आम्ही आत गेलो तेव्हा छतापर्यंत लोखंडी रॅक होते आणि भिंतीला जागोजाग भोकं. चौदा महिने आम्ही दोघं त्या भिंतींवर होतो. सिमेंट चालणार नव्हतं. चुना भिजत घालायचा, महिना महिना मुरवायचा, गाळायचा, मग लावायचा. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही. मला ते काम सोसायचं नाही. ओळंबा मात्र त्या चौदा महिन्यांत जितका खूश होता तितका मी त्याला कधी पाहिला नाही. "असं काम पुन्हा मिळायचं नाही," म्हणायचा. मिळालंही नाही.

दारातून आत आलं की समोर एक मोठी भिंत लागते. तिच्या मधोमध लाकडी कपाट आहे, धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवायचं. कपाटाच्या डावीकडचा भाग माझ्याकडे होता, उजवीकडचा त्याच्याकडे. फुटलेला गिलावा भरण्याची त्याची एक पद्धत होती. भोक तसंच भरायचा नाही. आधी भोवतीचा सैल चुना काढायचा, कडा छिन्नीनं सरळ कापून चौकोन करायचा आणि मगच भरायचा. वेड्यावाकड्या कडेशी नवा चुना नीट धरत नाही. मी नुसताच भरायचो. त्याच्याकडच्या भागात असे एकोणीस चौकोन झाले. ते भरल्यावर सांधा कुठं आहे ते वास्तुतज्ज्ञालाही सापडलं नाही.

मग उद्घाटन झालं. सांस्कृतिक केंद्र म्हणून. आम्हालाही बोलावलं होतं. ओळंबा नवा शर्ट घालून आला होता, घड्या न मोडलेला. त्या समाजातल्या एकच बाई शहरात उरल्या होत्या. म्हाताऱ्या, शिवणकाम करून आयुष्य काढलेल्या. त्या दारात आल्या आणि थबकल्या. समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. ओळंब्याला वाटलं, काम आवडलं. तो पुढे झाला. मी दोन पावलं मागे होतो, मला सगळं ऐकू आलं.

"काही राहिलं का बाई?"

"राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "ते भरलंत तुम्ही."

मग त्यांनी सांगितलं. जेरुसलेममधलं त्यांचं मोठं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं. त्याची आठवण म्हणून घर बांधताना, प्रार्थनास्थळ बांधताना, दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद जागा गिलावा न करता सोडायची. नुसती वीट. आत येणाऱ्याला दिसली पाहिजे. मंदिर पडलेलं असताना आपलं घर पूर्ण झालं असं म्हणायचं नाही. इथं ती जागा होती. लहानपणी बाई वडिलांच्या खांद्यावर बसून त्या विटेला हात लावायच्या.

"मी भरलं ते," ओळंबा म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

"नाही. पण मी भरलं."

बाई म्हणाल्या, भिंत फार सुंदर झालीय. आणि गेल्या. पुन्हा कधी त्या तिथं आल्या नाहीत. केंद्रवाले दर वर्षी बोलवायचे, त्या म्हणायच्या, पुढच्या वेळी.

ओळंब्यानं दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. सदर चौकोन मी भरला आहे, चूक माझी आहे, तो उघडण्याची परवानगी द्यावी, मजुरी नको. उत्तर आलं की भिंत आता संरक्षित आहे, हात लावता येणार नाही. त्यानं पुन्हा अर्ज केला. सहा वर्षांत अकरा. मी त्याला चिडवायचो, "आयुष्यात एकच भिंत नको इतकी चांगली केलीस." तो हसायचा नाही. मी म्हणायचो, "जाऊ दे रे. तुला कुणी सांगितलं होतं का?" तो म्हणायचा, "अर्धवट ठेवायचं ते पूर्ण केलं. माझ्यासारख्यानं."

सोमवारी आम्ही दहाला पोचलो. मी, वहिनी आणि माझी पिशवी. दारावरची बाई म्हणाली, "आज प्रदर्शन बंद आहे."

"आम्हाला भिंत बघायचीय," वहिनी म्हणाल्या.

"तीही बंदच."

मग व्यवस्थापक आले आणि त्यांनी आम्हाला आत घेतलं. बोलका माणूस. चालता चालता सगळं दाखवत होते. मधला चौथरा, जिथं उभं राहून ग्रंथ वाचायचे, तिथं आता गाणारे बसतात. वरच्या सज्ज्यात पूर्वी बायका बसायच्या, तिथं मुलांचा चित्रकलेचा वर्ग भरतो. कपाट रिकामं, त्याला काच लावलीय आणि आत दिवा. घडीच्या खुर्च्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. खुर्च्यांच्या पाठी भिंतीला लागू नयेत म्हणून मध्ये फळी टाकली होती. ते बरं केलं होतं.

मी सगळं बघितलं. चौदा महिने घातले होते त्या जागेत. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात आल्यासारखं वाटलं, आणि तेही फार नाही.

"आता जरा अडचण सांगतो," व्यवस्थापक म्हणाले. समितीनं परवानगी दिली होती ती एकाच जागेसाठी. हातभर चौकोन, एकदाच. छिन्नी मारल्यावर आत वीट आली तर ठीक. जुना गिलावा निघाला तर काम तिथंच थांबवायचं, बुजवायचं आणि विषय कायमचा बंद. आणि जागा नक्की कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या फोटोंत रॅक होते. आमच्या वेळच्या नकाशावर एकोणीस खुणा होत्या, त्यातल्या सात साधारण हातभराच्या.

"बाईंना विचारलंत का?" मी म्हणालो.

"वृद्धाश्रमात जाऊन विचारलं. एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, मी वडिलांच्या खांद्यावर होते, मला काय उंची सांगता येणार. फोटो काढून आणा म्हणाल्या. तेवढंच."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना बरोबर माहीत होतं. मी म्हणायचे, मला सांगून ठेवा. तर म्हणायचे, माझी भिंत मीच उघडणार."

मी परांचीवर चढलो. लाकडी होती, नीट बांधलेली. भिंतीवर हात फिरवला. चुन्यात राबून माझ्या बोटांची टोकं बधिर झालीत, तीनचार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात शिरा गेल्या. गरम भांडंही कळत नाही. भिंत काय कळणार. मग हातोडीच्या दांड्यानं वाजवून पाहिलं, सातही जागा. सगळीकडे भरीव आवाज. ओळंब्याचं काम पोकळ वाजणार तरी कसं.

"काय?" खालून वहिनी.

"थांबा."

"थांबलेच आहे. सहा वर्षं."

मी व्यवस्थापकांना दिवे बंद करून खिडक्यांवर पडदे ओढायला सांगितलं. बॅटरी भिंतीला चिकटवून धरली, म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जातो. वरून कितीही पांढरी सफेदी असली तरी खालच्या करणीचे, म्हणजे थापीचे, फटकारे अशा उजेडात दिसतात. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही.

ओळंबा डावरा होता. उजव्या हाताचा माणूस करणी ओढतो ती डावीकडून वर उजवीकडे जाते. डावऱ्याची उलट. पहिला चौकोन पाहिला, फटकारे डावऱ्याचे. दुसरा, डावऱ्याचे. तिसरा, चौथा, तसेच. किती सारखे होते. सगळे एका अंतरानं, एका वळणाचे. पाचवा चौकोन कपाटाच्या जवळ, परांचीवर उभं राहून माझ्या छातीच्या उंचीवर. फटकारे उलटे होते. मी बॅटरी काढली, पुसली, पुन्हा धरली. डावीकडून वर उजवीकडे. दोन फटकाऱ्यांत अंतर जास्त. भराभर ओढलेले.

ते माझे होते.

मग आठवलं. त्या कामात एकदा ओळंब्याच्या डोळ्यात चुना उडाला होता. दोन दिवस तो घरी होता, डोळ्यावर पट्टी बांधून. माझा भाग झाला होता म्हणून मी त्याच्याकडच्या भागात गेलो. तिथं एकच जागा भरायची राहिली होती. कडा सरळ, चारही कोपरे काटकोनात. मला वाटलं, ह्यानं कापून तयार ठेवलीय, भरायच्या आधी डोळा गेला. वेळ वाचला म्हणून बरंच वाटलं. भरली आणि जेवायला बसलो. दुसऱ्या कुठल्या गवंड्यानं ती जागा पाहिली असती तर विचारलं असतं, भिंतभर वेडीवाकडी भोकं आणि एकच अशी सरळ का. मी विचारलं नाही, कारण मी ओळंब्याचा जोडीदार होतो आणि त्याची भोकं सरळच असायची.

तिसऱ्या दिवशी तो आला. भिंतीसमोर उभा राहिला. म्हणाला, "भरलंस?" मी म्हणालो, "भरलं." त्यानं तळवा फिरवला आणि वरून सफेदी मारायला घेतली. त्याच्या मनात तेव्हा काय होतं मला माहीत नाही. कडा सरळ आहेत हे त्यानंही आधी बघितलं असणार आणि वास्तुतज्ज्ञाला विचारायचं ठरवून ठेवलं असणार. मी भरून टाकल्यावर त्यानं विचारलं नाही, म्हणून तो ती चूक आपली समजला असेल. किंवा मला वाचवलं असेल. विचारायला तो नाही.

"सापडलं का?" वहिनी.

"सापडलं."

"नक्की?"

"नक्की."

व्यवस्थापकांनी दिवे लावले. त्यांचं तोंड जरा उतरलं होतं. "कशावरून म्हणता? नाही म्हणजे, एकदाच आहे, म्हणून विचारतो."

"हात ओळखता येतो," मी म्हणालो.

"मी सांगितलं नव्हतं?" वहिनी त्यांना म्हणाल्या. "ह्यांचा हात भावजी डोळे मिटून ओळखतील."

 पेन्सिलीनं चौकोन आखला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, माझ्याच हातानं मापून. छिन्नी आडवी धरून मधोमध पहिला घाव घातला. हलका. मग दुसरा. सफेदी गेली, बारीक थर गेला, मग जाड थर. जुना गिलावा तपकिरी असतो, त्यात केस मिसळलेले असतात. आमचा पांढरा. पांढराच येत राहिला. आठव्या की नवव्या घावाला लाल दिसलं. वीट.

"देवा," व्यवस्थापक म्हणाले आणि खुर्ची शोधायला लागले.

मी कडांकडे सरकत गेलो. माझा चुना सुटत गेला आणि खाली जुनी कड उघडी पडली. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी पट्टी धरून सोडलेली. ती कड इतकी सरळ होती की ओळंब्यालाही काही बोलायला जागा सापडली नसती. तास गेला. थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा सुरू केलं.

वहिनी परांचीखाली उभ्या होत्या. पदर नाकाला लावून वर बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हे भरलं म्हणून तो माणूस सहा वर्षं कुढला."

"वहिनी, हे त्यानं नाही भरलं."

"म्हणजे?"

"मी भरलं. त्याचा डोळा गेला होता ना, त्या दोन दिवसांत. फटकारे उजव्या हाताचे आहेत. आता कळलं मला."

 व्यवस्थापक एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

"ह्यांना माहीत होतं?"

"होतं. त्याचा हात नव्हता तो, त्याला माहीत नसेल कसं."

वहिनी चौथऱ्याच्या कडेवर बसल्या.  मग म्हणाल्या, "रात्रंदिवस डोकं खाल्लं माझं. हे वाक्य बरोबर आहे का बघ. 'सदर' लिहू की 'हा' लिहू. मी म्हणायचे, 'हा' लिहा, तर म्हणायचे, ऑफिसला 'सदर' लागतं. सहा वर्षं. आणि चूक तुमची."

"हो."

"आणि तुम्ही दर रविवारी येऊन माझ्या हातचं जेवत होतात. वर ह्यांना म्हणायचात, जाऊ दे रे."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"ते दिसतंय. माहीत असतं तर घास उतरला नसता. एवढं ओळखते तुम्हाला." मग वर बघून म्हणाल्या, "खालच्या कोपऱ्यात अजून चुना राहिलाय. काढा तो."

मी काढला. विटांवरून कोरडा ब्रश फिरवला. चार थर विटा, मधला सांधा जुन्याच चुन्याचा. एका विटेचा मधला भाग गुळगुळीत होता, वर्षानुवर्षं हात लागल्यासारखा. मी त्याला हात लावला. बोटांना काही कळलं नाही. व्यवस्थापकांनी दारात उभं राहून फोटो काढला, मग जवळून आणखी दोन. संध्याकाळी वृद्धाश्रमात घेऊन जातो म्हणाले.

परांचीवरचा माल गोणीत भरला, फरशी पुसली. निघायची वेळ झाली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "आम्ही इथं एक पाटी लावणार आहोत. जागेची माहिती. त्यात तुमच्या मिस्टरांचं नाव घालायचं ठरलंय. त्यांनी चूक मान्य केली, पाठपुरावा केला वगैरे. अर्जांवरूनच मजकूर घेतलाय."

"तो मजकूर चुकीचा आहे," वहिनी म्हणाल्या.

"पण अर्जात त्यांनी स्वतः लिहिलंय, मी भरला म्हणून. अकराच्या अकरा अर्जांत. आमच्याकडे तीच नोंद आहे."

"मग बारावा घ्या. भावजी, लिहा."

आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. ओळंब्याची फाईल टेबलावर होती. अक्षर त्याच्या भिंतीसारखं, एका रेषेत. व्यवस्थापकांनी मला कोरा कागद दिला. मला लिहायची सवय नाही. पेन बोटांत धरलंय की नाही तेही नीट कळत नव्हतं, म्हणून बघत बघत लिहिलं. सदर चौकोन मी भरला. माझ्या जोडीदाराने भरला नाही. अकरा अर्जांत त्याने स्वतःचे नाव लिहिले ते खरे नाही. चौकोन आज मीच उघडला.

व्यवस्थापकांनी वाचलं. "एवढंच? कारण वगैरे?"

"एवढंच."

वहिनींनी कागद ओढून घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला. बोट ठेवत ठेवत, जसा त्याचा प्रत्येक अर्ज वाचला असेल तसा.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

मी तारीख घातली.